खाऱ्या वाऱ्यातले कोयनेलचे कुंपण: दुसऱ्या पावसाळ्याअखेरचा अनुभव

दापोली तालुक्यात कर्दे-मुरुडच्या किनारपट्टीवर, समुद्रापासून साधारण दीडशे मीटर आत असलेल्या आमच्या आवाराला मागच्या वर्षीच्या मृगात कोयनेल या झुडपाचे कुंपण लावले आणि आता त्याचा दुसरा पावसाळा सरत आला आहे. मधला एक पूर्ण उन्हाळा या झाडांनी खाऱ्या वाऱ्यात काढला असल्यामुळे त्यांच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. पुण्या-नाशिकच्या बागेत शोभणारे कुंपण इथे तसेच उभे राहील, या समजुतीवर किनाऱ्यालगत घरे बांधणाऱ्या अनेकांचे पैसे जातात, म्हणून हा अनुभव थोड्या तपशिलाने देत आहे.

ही जागा आम्ही घेतली तेव्हा पश्चिमेच्या हद्दीवर आधीच्या मालकांनी लावलेली पिवळ्या पानांच्या डुरांटाची रांग होती. पावसाळ्यात ती दृष्ट लागावी अशी दिसे. शिमग्यानंतर मात्र समुद्राकडच्या अंगाची पाने टोकापासून आत करपत येत, कडा तपकिरी होऊन गळत, आणि घराकडच्या अंगाला तीच झाडे बऱ्यापैकी हिरवी राहत. एकाच झाडाच्या दोन अंगांमधला हा फरक पाहिला की दोष पाण्याचा किंवा खताचा नाही, वाऱ्याबरोबर येणाऱ्या मिठाचा आहे, हे उघड होते. मिठाचा त्रास पावसाळ्यात अधिक होतो असे पुष्कळ जण मानतात. त्या दिवसांत वारा जोराचा असतो हे खरे, परंतु पाऊसच पाने धुऊन काढतो. खरी परीक्षा फेब्रुवारीपासून पुढे असते, जेव्हा दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, पाऊस पडत नाही आणि मिठाचा थर पानांवर दिवसेंदिवस साचत जातो. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्याआधी समुद्र खवळतो, तेव्हा संध्याकाळी पानावरून बोट फिरवून जिभेला लावले तर चव स्पष्ट खारट लागते.

पर्यायांचा विचार बराच केला. कुंतीला सुवास आहे आणि ती कातरून सुबकही राहते. पण तिला खारा वारा मानवत नाही, शिवाय लिंबूवर्गीय झाडांवरची सिट्रस सिला ही कीड तिच्यावर पोसली जाते, आणि आमच्या परसात कागदी लिंबू आहे. मेंदी उन्हाळ्यात विरळ पडते. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, म्हणून लहान मुलांच्या घरात तो नको वाटला. रोपवाटिकेत सर्वाधिक आग्रह झाला तो कोनोकार्पसचा. तो खाऱ्या हवेत टिकतो, भराभर वाढतो, वर्षभर गर्द राहतो, हे सगळे खरे आहे. तथापि त्याची मुळे पाण्याच्या नळांत आणि गटारांत शिरतात व परागकणांचा श्वसनाला त्रास होतो अशा तक्रारींवरून गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आमची विहीर हद्दीपासून फार लांब नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

भिंत का बांधली नाही, असेही विचारले जाते. भरीव भिंतीवर आपटलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. उलट, निम्मा वारा आरपार जाऊ देणारे कुंपण त्याचा वेग मोडते आणि स्वतःच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी बऱ्यापैकी आडोसा देते. आमच्या मिरच्या, अळू आणि अबोली ज्या वाफ्यांत आहेत ते नेमके या अंतरात येतात. अर्थात कुंपणाकडून वादळाचीही अपेक्षा करू नये. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. तिथे कंबरभर झुडपांचा काय पाड!

कोयनेल निवडली ती ती मुळात कुठली आहे हे पाहून. खाडीच्या काठाला, कांदळवनाच्या कडेला ती आपोआप उगवते; भरतीचे पाणी मुळाशी आले तरी तिचे काही बिघडत नाही. वनस्पतिशास्त्रात तिचे आजचे नाव व्होल्कामेरिया इनर्मिस आहे, आणि क्लेरोडेन्ड्रम इनर्मे हे जुने नाव रोपवाटिकांत अजून चालते. विकत घेताना पान चोळून पाहावे: उग्र दर्प यायला हवा, पाने समोरासमोर, गडद हिरवी आणि तुकतुकीत हवीत. खरे तर विकत घेण्याचीही गरज नसते. गावातल्याच एका जुन्या कुंपणाची छाटणी चालू असताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या आम्ही मागून आणल्या आणि खालची पाने काढून, दोन डोळे मातीत जातील अशा बेताने लावल्या. बहुतेक सगळ्या जगल्या.

लावणीत खरी मेहनत चराची होती. जमीन पुळणीची, रेताड. ओतलेले पाणी बघता बघता खाली जाते. म्हणून दीड फूट खोल चर खणून तळाशी नारळाची सोडणे, म्हणजे बाहेरची जाड साले, रेशांची बाजू वर करून दाटीने बसवली, जसे नारळाच्या आळ्यांत पूर्वापार करतात, आणि वर माती व कुजलेले शेणखत भरले. ही सोडणे पावसाचे पाणी शोषून धरतात आणि ते मुळांना हळूहळू मिळत राहते. त्यावर दोन ओळी, झाडांत एक फूट अंतर ठेवून, एकीतले झाड दुसरीतल्या मोकळ्या जागेसमोर येईल अशा रीतीने लावल्या. एकाच ओळीचे कुंपण खालून विरळ पडते आणि तिथून कुत्री वाट काढतात.

पहिल्या उन्हाळ्यासाठी पश्चिमेला नारळाच्या झापांचा आडोसा उभा केला होता. कोयनेल असली तरी कोवळ्या रोपाला तेवढा आधार द्यावा. पाण्याबाबत मात्र एक गोष्ट काटेकोरपणे पाळली. किनाऱ्यालगतच्या विहिरींत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते. असे मचूळ पाणी पानांवर फवारणे म्हणजे वाऱ्याने टाकलेल्या मिठात आपल्या हाताने भर घालणे. म्हणून पाणी फक्त मुळाशी, सकाळी आणि आठवड्यातून दोनदा भरपूर दिले. रोज थोडे थोडे दिले असते तर मुळे वरच राहिली असती. युरिया अजिबात दिला नाही, कारण त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी खाऱ्या वाऱ्यात सर्वांत आधी करपते. मे संपेपर्यंत समुद्राकडच्या अंगाची काही पाने पिवळी पडली, पण एकही झाड बोडके झाले नाही. हद्दीच्या टोकाला शिल्लक ठेवलेले डुरांटाचे झुडूप त्याच आठवड्यात काटक्यांवर आले होते.

आता छाटणीविषयी, कारण या कुंपणाची खरी किंमत तीच आहे. लावण कंबरेला येईपर्यंत वाट न पाहता वीतभर वाढली की शेंडे खुडावे लागतात. तसे केले नाही तर कोयनेल वेलीसारखी पसरते, शेजारच्या झाडावर रेलते आणि खालून मोकळी होते. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कातर हातात घ्यावीच लागते. मोठ्या कातरीने दोन्ही अंगे किंचित उतरती ठेवावीत, म्हणजे खालची रुंदी वरच्यापेक्षा थोडी अधिक राहते आणि तळाच्या पानांनाही ऊन मिळते. शेवटची मोठी छाटणी दसऱ्याच्या सुमारास उरकावी, जेणेकरून नवी पालवी फेब्रुवारीच्या वाऱ्याआधी निबर होईल. उन्हाळ्यात मी कातर लावत नाही. करपलेली वरची पाने आतल्या पानांचे रक्षण करीत असतात. छाटलेल्या फांद्या ओल्या असताना आवारात टाकू नयेत, कारण जमिनीला टेकल्या की त्या मुळे धरतात. आमच्याकडे त्या गच्चीवर वाळवून मग नारळाच्या आळ्यात जातात.

तक्रारी आहेत. पहिली म्हणजे या झाडाला काटे नाहीत. गुरे आणि शेळ्या पाने कडू म्हणून तोंड लावत नाहीत, परंतु माणसाला किंवा कुत्र्याला अडवायचे असेल तर दोन ओळींच्या मधून तार ओढावीच लागते. दुसरी, तळाशी पालापाचोळा साचून जागा दाट व ओलसर राहते, आणि फुरसे या विषारी सापाच्या या मुलखात तसली जागा घराजवळ नको. म्हणून खालची वीतभर खोडे मोकळी ठेवून पाला नेमाने ओढून काढावा लागतो. तिसरी, पिठ्या ढेकूण. दिवाळीनंतर कोवळ्या शेंड्यांवर पांढरे पुंजके दिसू लागले आणि त्यांच्या मागोमाग ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, आले. साबणाच्या पाण्यात कालवलेल्या कडुलिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी केली आणि किडलेले शेंडे तोडून जाळले, तेवढ्यावर भागले.

नियमाने कातरलेल्या कुंपणाला फुले येत नाहीत, हे मात्र मला मनापासून खटकते. फुले फांद्यांच्या टोकांकडे येतात आणि टोके तर आपण उडवतो. कोयनेलचे फूल पाहण्यासारखे असते: लांब नळीची पांढरी पाकळी, तिच्यातून बाहेर झेपावलेले जांभळट तांबडे पुंकेसर, आणि तिन्हीसांजेला दूरवर जाणारा मंद वास. त्यावर तोडगा म्हणून विहिरीच्या बाजूचा कोपरा आम्ही कातरीविना सोडला आहे. तो अस्ताव्यस्त दिसतो, पाहुणे त्याबद्दल विचारतात, आणि त्यांना कुंपणाच्या सरळ रेषेपेक्षा तोच आवडतो असे दिसते.

ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी एकदा घरी येता येते त्यांनी पावसाळ्यातील छाटणीसाठी गावात माणूस ठरवल्याशिवाय कोयनेल लावू नये. दोन महिन्यांत तिचे रान होते. तसे झालेच, तर पुढच्या मृगाच्या तोंडावर ती जमिनीपासून फूटभर ठेवून कापावी, जुन्या खोडालाही ती भरपूर फुटते. आमच्या कुंपणाच्या समुद्राकडच्या अंगाला येत्या जूनमध्ये दहा-दहा फुटांवर उंडी या झाडाची रोपे लावायची आहेत. उंडी सावकाश वाढते, पण मोठी झाल्यावर वाऱ्याचा पहिला मारा तीच झेलेल आणि कोयनेलची पिवळी पाने तेवढी कमी होतील.