प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड? नव्या कॉम्प्युटरवरून गेम स्ट्रीम करायचा तर

नागपूरच्या बर्डीतून नवा कॉम्प्युटर जुळवून आणला, ओबीएस हे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात आपल्या चॅनेलची स्ट्रीम की, म्हणजे गुप्त कोड, चिकटवली, की आउटपुटच्या पानावर माणूस अडतोच: एन्कोडर कोणता ठेवायचा? एक्स२६४ घेतला तर व्हिडिओ दाबून लहान करायचं काम प्रोसेसरवर पडतं. एनव्हेंक घेतला तर तेच काम एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डातला त्यासाठीच बसवलेला वेगळा भाग करतो. मी दोन्ही भरपूर वापरलेत आणि आता एकावर स्थिरावलोय. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही वजनदार आहे, म्हणून आधी ते.

एक्स२६४ चा प्रीसेट, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या वेगाची पातळी, जितका संथ, तितकं त्याच बिटरेटमध्ये (सेकंदाला जाणाऱ्या डेटामध्ये) चित्र स्वच्छ. ‘मीडियम’वर ठेवून जीटीए ५ मध्ये गवताळ डोंगरावरून गाडी पळवली, की गवताची पाती बऱ्यापैकी वेगळी दिसतात, त्यांचा हिरवा चिखल होत नाही. हे मी नाकारत नाही. अडचण अशी की सहा कोअरच्या प्रोसेसरवर गेम आणि ‘मीडियम’ सोबत नांदत नाहीत. व्हॅलोरंट तर मुळातच प्रोसेसर खाणारा गेम. त्यामुळे हळूहळू ‘व्हेरीफास्ट’वर यावं लागतं, आणि तिथे आल्यावर माझ्या डोळ्यांना तरी एनव्हेंक कुठे कमी वाटला नाही. वेगवान दृश्यांत तर उलट बराच सुसह्य वाटला. मात्र हे २०१८ साली आलेल्या आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांबद्दल. त्याआधीच्या कार्डांवर चौकोन फुटायचे, हे खरं. जीटीएक्स १६५० घेणाऱ्यांनी जरा जपून: ते बाजारात आलं २०१९ मध्ये, पण त्यात सुरुवातीला आधीच्या पिढीचाच एन्कोडर होता.

इथवर पारडं जवळपास समसमान आहे. माझा निर्णय झाला तो आवाजावरून.

माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब खोलीत सोडत राहतो. स्ट्रीमिंगची वेळही नेमकी तीच. कूलर चालू असतोच. त्याचा घुमणारा आवाज एकसारखा असल्याने ओबीएसमधला नॉइज सप्रेशन फिल्टर तो बराचसा गिळतो. प्रोसेसरच्या पंख्याचं तसं नाही. एक्स२६४ चालू असताना गेममध्ये धुमश्चक्री सुरू झाली की पंखा झपकन वर चढतो, शांत झालं की उतरतो, पुन्हा चढतो. असा चढ-उतार फिल्टरला नीट पकडता येत नाही. फिल्टर कडक केला तर आपलाच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि वाक्याची टोकं कापली जातात. चॅटमध्ये गेमपेक्षा “दादा, मागे काय चालू आहे?” हीच विचारणा जास्त. मराठीत समालोचन करत खेळणाऱ्याचा आवाजच चांगला नसेल, तर गवताची पाती वेगळी दिसून काय उपयोग? लोक बोलणं ऐकायला थांबतात, असा माझा तरी अनुभव आहे.

त्यात प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे ऐन चुरशीच्या राउंडमध्ये गेमही अडखळतो आणि स्ट्रीमही. एनव्हेंकवर गेल्यापासून पंखा एका पातळीवर राहतो, फिल्टर हलका ठेवून भागतं. थंडीत कदाचित हा फरक इतका जाणवणार नाही, पण आपल्याकडे थंडी असते किती दिवस!

ग्राफिक्स कार्डाच्या बाजूलाही एक खोट आहे. गेमने कार्ड पूर्ण व्यापलं, की ओबीएसला स्वतःचं दृश्य जुळवायलाच जागा उरत नाही आणि स्ट्रीम धक्के खाते. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये तीन वेगळे आकडे दिसतात: रेंडरिंगमुळे हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंगमुळे सुटलेल्या फ्रेम आणि नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम. पहिला आकडा वाढत असेल तर एन्कोडर बदलून फायदा नाही, कारण दृश्य जुळवायचं काम एक्स२६४ मध्येही ग्राफिक्स कार्डच करतं. गेमच्या फ्रेमवर मर्यादा घाला, प्रश्न बहुतेक सुटतो.

बाकीचं थोडक्यात. एनव्हेंकसाठी सीबीआर (म्हणजे बिटरेट एकसारखा), कीफ्रेम (म्हणजे पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दोन सेकंदांना, प्रीसेट पी५. ट्विच या स्ट्रीमिंग साइटवर १०८० च्या चित्राला ६००० केबीपीएसचा बिटरेट धरा. त्यात तासाला साधारण २.७ जीबी अपलोड होतो, म्हणून नेटचा वेग दुपारी न मोजता ज्या वेळी स्ट्रीम करणार त्याच वेळी मोजा. लाइन डळमळीत असेल तर ७२० आणि ६० फ्रेम घ्या. ओढाताण करून चालवलेल्या १०८० पेक्षा ते बघायला केव्हाही बरं. कमी बिटरेटच्या लहान आवृत्त्या यूट्यूब स्वतःच बघणाऱ्यांसाठी तयार करतं. ट्विचवर छोट्या चॅनेलला ती हमी नसते, आणि मोबाइल डेटावर बघणाऱ्याला तुमचा पूर्ण बिटरेट ओढावा लागू शकतो.

एक्स२६४ कुणी घ्यावा? ज्यांचं कार्ड जुनं पण प्रोसेसर दमदार आहे, जे बुद्धिबळासारखे संथ खेळ दाखवतात, किंवा ज्यांच्याकडे स्ट्रीमिंगला वेगळा कॉम्प्युटर आहे आणि तो माइकपासून लांब ठेवता येतो, त्यांनी खुशाल घ्यावा. एकाच खोलीत, एकाच कॉम्प्युटरवर, माइक समोर घेऊन खेळणाऱ्याला मात्र मी एनव्हेंकच सुचवीन. कार्ड आरटीएक्स ४० मालिकेचं असेल आणि फक्त यूट्यूबवर जायचं असेल, तर व्हिडिओ दाबायची एव्ही१ ही नवी पद्धत आधी बघा. २०२३ मध्ये आलेल्या ओबीएस २९.१ पासून ते यूट्यूबला थेट पाठवता येतं, आणि कमी बिटरेटमध्ये गवताचा तो चिखलही बराच आवरतो.