पहिल्या घराचे कर्ज : मंजुरीपासून वर्षभराच्या हप्त्यांपर्यंतचा अनुभव

पुणे महापालिकेच्या हद्दीतील एक पुनर्विक्रीची सदनिका घेण्यासाठी आम्ही पती-पत्नींनी २०२४ च्या अखेरीस सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेकडून रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी) जोडलेले गृहकर्ज घेतले. दोघांच्याही घरांत यापूर्वी कोणी बँकेचे गृहकर्ज घेतलेले नव्हते, त्यामुळे विचारायला जवळचे माणूस नव्हते. आता वर्षभराहून अधिक काळ हप्ते भरून झाल्यावर, जे आधी कळले असते तर फार उपयोगी पडले असते ते लिहून ठेवावे असे वाटले. माझे ठाम मत असे झाले आहे की बँक कर्जदाराची परीक्षा लवकर उरकते. खरी मंजुरी मिळवावी लागते ती घराच्या कागदपत्रांना. पहिल्यांदा घर घेणारे बहुतेक लोक मात्र आपली सगळी काळजी पगाराच्या पावत्यांवर आणि सिबिल स्कोअरवर, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून मिळणाऱ्या गुणांवर, खर्च करतात.

अर्थात स्कोअरकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणत नाही. तो ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्ज करण्यापूर्वी आम्ही दोघांचेही अहवाल काढले. पत्नीने पूर्वीच बंद केलेले एक क्रेडिट कार्ड तिच्या अहवालात चालू व थकीत दिसत होते. तक्रार केल्यावर ती नोंद दुरुस्त झाली. अशी तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते, ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते. हे काम अर्जाच्या आधीच करून घ्यावे, कारण अर्ज आत गेल्यावर अशी एक नोंद सगळी फाइल अडवून धरते. त्यापुढे वेतनाचा दाखला, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे आणि बँक खात्याचे उतारे देताच ४८ लाखांपर्यंतच्या पात्रतेचे मंजुरीपत्र हातात आले.

त्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती : मालमत्तेच्या कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन राहून. सर्व काही या एका ओळीत आहे.

तांत्रिक तपासणी म्हणजे बँकेच्या यादीवरील मूल्यांकनकाराने सदनिका प्रत्यक्ष पाहून तिची किंमत ठरवणे. आमचा व्यवहार ५८ लाखांना ठरला होता. मूल्यांकन ५५ लाखांचे आले, कारण विक्रेत्यांनी बंदिस्त करून खोलीत घेतलेली गच्ची मंजूर नकाशात खुली होती आणि मूल्यांकनकाराने ती खोली म्हणून धरली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. आमच्या बँकेने करारातील किंमत आणि मूल्यांकन यांपैकी कमी आकडा धरला. त्यामुळे पात्रता ४८ लाखांची असूनही प्रत्यक्ष कर्ज ४४ लाखांचेच झाले. मूल्यांकनकाराचे काही चुकले असे मला वाटत नाही. नकाशात नसलेल्या खोलीचे पैसे विक्रेता मागतो, पण बँक देत नाही, आणि तो फरक खरेदीदाराच्या खिशातून जातो. सदनिका पसंत करतानाच मंजूर नकाशा मागून प्रत्येक खोली त्याच्याशी ताडून पाहावी.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या मूल्यात धरत नाहीत, हेही येथेच लक्षात घ्यावे. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे आमच्या बाबतीत ४ लाख ६ हजार रुपये, आणि नोंदणी फीचे कमाल ३० हजार. कर्जाव्यतिरिक्तचे १४ लाख मिळवून स्वतःच्या गाठीचे १८ लाखांहून अधिक लागले. निवासी घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पती-पत्नींच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही. आम्ही विचारपूर्वक संयुक्त नावच ठेवले. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्याने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कर कापून फॉर्म २६ क्यूबीद्वारे भरावा लागला, आणि त्याचे चलन बँकेने आमच्या हिश्श्याचा पुरावा म्हणून मागून घेतले.

सर्वाधिक वेळ गेला तो कायदेशीर तपासणीत, आणि ज्या वकीलबाईंनी ती केली त्यांच्याविषयी माझ्या मनात आज कृतज्ञताच आहे. त्यांनी मागील ३० वर्षांचा शोध घेतला. बांधकाम व्यावसायिकाशी झालेला मूळ करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाकडील दस्ताचा सारांश), भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचे भागप्रमाणपत्र हे सर्व नीट होते. मात्र मूळ करारनामा विक्रेते आणि त्यांच्या मातोश्री अशा दोघांच्या नावे होता. मातोश्री निवर्तल्यानंतर नामनिर्देशनाच्या आधारे गृहनिर्माण संस्थेने भागप्रमाणपत्रावर विक्रेत्यांचे एकट्याचे नाव लावले होते, आणि ते स्वतःला प्रामाणिकपणे एकमेव मालक समजत होते. संस्थेकडील नामनिर्देशनाने कोणी मालक होत नाही; मालकी वारसांकडेच जाते. विक्रेत्यांना एक विवाहित बहीण आहे. बहिणीच्या हिश्श्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्याशिवाय आपला अहवाल अनुकूल देणार नाही, असे वकीलबाईंनी लेखी कळवले.

त्या बहीण परगावी राहतात. भावाबहिणींचे संबंध चांगले असल्याने त्या आल्या आणि सह दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला, पण दोन्ही घरांत अबोला असता तर काय झाले असते, या विचाराने आम्ही त्या काळात फार अस्वस्थ होतो. आमच्याकडे एकच आधार होता. विसार देताना केलेल्या विसारपत्रात, बँकेने मालकी हक्कातील दोषामुळे कर्ज नाकारल्यास विसाराची संपूर्ण रक्कम परत करावी, असे कलम आम्ही लिहून घेतले होते. मध्यस्थाला ते पसंत नव्हते. प्रत्येक नव्या खरेदीदाराला मी हे कलम आग्रहाने घालायला सांगतो. बँकेच्या तपासणीला अडथळा समजणे मला पटत नाही. ती नसती तर ही त्रुटी आम्ही घराबरोबर विकत घेतली असती आणि पुढे कधीतरी घर विकताना तीच आमच्या गळ्यात पडली असती.

साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवल्यानंतर, कर्जाच्या करारावर सह्या करण्यापूर्वी, बँकेने मुख्य तथ्य विवरणपत्र दिले. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत, असा नियम आहे. मराठी प्रत मागितल्यावर शाखेत थोडी नाराजी दिसली, तरी ती मिळाली. त्यात व्याजदराबरोबर प्रक्रिया शुल्क, वकील व मूल्यांकनाचा खर्च, विम्याचा हप्ता हे सर्व मिसळून येणारा वार्षिक दर दिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची असेल तर ती याच आकड्याने करावी. शिवाय त्या पत्रात नसलेले कोणतेही शुल्क पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीखेरीज लावता येत नाही.

त्याच पत्रात एकरकमी हप्त्याचा कर्जसंरक्षण विमा घातलेला होता आणि त्याची रक्कम कर्जातच मिळवली होती. हा विमा सक्तीचा आहे असे नियमात कोठेही नाही. आम्ही तो लेखी नाकारला आणि दोघांनी स्वतंत्र मुदत विमा घेतला. कमावत्या माणसामागे कर्जाएवढे विमासंरक्षण हवेच, याबद्दल माझे दुमत नाही. पण वीस वर्षे त्या विम्यावर व्याज भरत राहणे मला अयोग्य वाटते.

आता प्रत्यक्ष हप्त्यांविषयी. रेपो ६.५० टक्के आणि त्यावर बँकेचे २ टक्के असा ८.५० टक्के दर, मुदत २० वर्षे, मासिक हप्ता ३८,१८४ रुपये. पहिल्या हप्त्यातील ३१ हजारांहून अधिक रक्कम व्याजाची होती. हे गणित आधीच मांडलेले असावे, नाही तर पहिले विवरण पाहून मन खचते. २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये रेपो दर एकूण १ टक्क्याने उतरला, आणि असे कर्ज किमान तीन महिन्यांतून एकदा नव्या दरावर आणावे लागत असल्याने आमचा दरही टप्प्याटप्प्याने ७.५० वर आला. हप्त्याचा आकडा मात्र बदलला नाही. बँकेने मुदत कमी केली होती आणि ते आम्हाला तिमाही विवरण वाचल्यावर समजले.

ही निवड आम्हाला मान्य आहे. हप्ता तोच ठेवल्याने मुदत जवळजवळ तीन वर्षांनी घटली. ज्यांना दरमहाची ओढाताण असह्य होते त्यांनी हप्ता कमी करून मागावा. अशा कर्जावर व्यक्तींना मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क नसल्याने बोनसचे पैसे आम्ही थेट मुद्दलात भरतो. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्यामुळे करसवलत गृहीत धरून हप्ता झेपेल असे कोणी समजू नये. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि घर ३५ लाखांपर्यंतचे असेल, तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान जरूर तपासावे. कमाल १ लाख ८० हजारांपर्यंतची ती रक्कम पहिल्या घरासाठी लहान नाही. आम्ही त्या मर्यादेबाहेर होतो.

एका कामाचा मात्र स्वतःहून पाठपुरावा करावा लागला. मूळ दस्तऐवज बँकेत जमा केल्यावर गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, ३० दिवसांच्या आत नोंदवायची असते, आणि जमा केलेल्या कागदांची शिक्का-सहीची यादी आम्हाला दोनदा मागितल्यावर मिळाली. संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत न दिल्यास बँकेला दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, पण कोणते कागद दिले होते हे दाखवायला हीच यादी लागेल. विक्रेत्यांच्या बहिणीचे हक्कसोडपत्र त्या यादीत आठव्या क्रमांकावर आहे, हे मी सही घेण्यापूर्वी तपासून पाहिले.