एसीच्या जाळीतून पाणी टपकत असेल तर पुण्यातल्या पौड रोडचे हे काका बोलवा

आमच्याकडे डक्टवाला एसी आहे (सीलिंगच्या वरच्या पत्र्याच्या बोगद्यातून, म्हणजे डक्टमधून, गार हवा जाळीपर्यंत येते तो), पाऊस सुरू झाल्यापासून हॉलच्या जाळीतून टपटप चालू. आधी एक सर्व्हिसवाले येऊन गेले (नाव नको), काही न उघडताच गॅस कमी आहे म्हणाले, गॅस भरला, पैसे घेतले, पाणी तसंच.

मग पौड रोडवरच्या छोट्या दुकानातले काका आले. त्यांनी आधी फिल्टर बघितला, मग एसीचं पाणी साठतं त्या ट्रेमध्ये पाणी ओतलं तर ते पाइपातून नीट बाहेर गेलं, म्हणजे ड्रेन चोक नाही. जाळी काढून वर बॅटरी मारली तर डक्टवरचं इन्सुलेशन (फोमचं आवरण) फाटलेलं आणि कडेला चांगली बोटभर फट, तिथून सीलिंगच्या वरची दमट हवा आत येऊन थंड पत्र्यावर पाणी धरत होती. हवा २८ डिग्री आणि दमटपणा ८५ टक्के असला की २५ डिग्रीच्या खाली गेलेल्या पत्र्याला घाम फुटतोच, आणि जाळी तर त्याहून कितीतरी गार असते! नवीन फोम गुंडाळला, फॉइल टेप मारली, फट बुजवली. फॅन एकदम लो ठेवू नका आणि एसी चालू असताना गॅलरीचं दार बंद ठेवा असंही बजावलं.

टपकणं थांबलंय. फक्त काका वेळेचे कच्चे, सकाळी येतो म्हणाले आणि ऐन दुपारच्या झोपेच्या वेळी उगवले, शिवाय सीलिंगची धूळ आपणच झाडायची. जुना बेडशीट सोफ्यावर आधीच टाकून ठेवा.