गोलाणी मार्केटमधून घेतलेलं १६ जीबीचं कार्ड – पाचपैकी चार

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिहायच्या प्रॅक्टिससाठी. कार्ड मस्तय, पण लिनक्समधे एलएसपीसीआय (जोडलेली कार्डं दाखवणारी कमांड) मारलं तर मेमरीची खिडकी, म्हणजे प्रोसेसरला थेट पोचता येतं तेवढा भाग, फक्त २५६ एमबीची, बाकीची असून नसल्यासारखी. दुकानवाले भाऊ म्हणे, "बायोसमधे अबोव्ह ४जी डिकोडिंग अन् रिसायझेबल बार दोन्ही चालू करा ना दादा". बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाची सेटिंग; पहिल्याने कार्डाला ४ जीबीच्या वरचे पत्ते मिळतात, दुसऱ्याने खिडकी मोठी होते. केलं, अन् पूर्ण १६ जीबी दिसायला लागली. असा जाणकार दुकानदार भेटतो कुठे!

आता खरी गंमत. एवढी मेमरी ४ केबीच्या पेजेसने (पेज म्हणजे मेमरीचा ठराविक तुकडा) मॅप केली, म्हणजे पत्त्यांना जोडली, तर जवळपास ४२ लाख एंट्र्या, एकेक ८ बाइटची, म्हणजे ३२ एमबी नुसत्या पेज टेबलात (कुठलं पेज कुठे याची यादी) जातात अन् टीएलबीची (त्या यादीतलं हाताशी ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा कॅश) वाट लागते ती वेगळीच. २ एमबीची पेजेस वापरली की ८,१९२ एंट्र्यांत काम खल्लास. फक्त फिजिकल (खरे) अन् व्हर्च्युअल (प्रोग्रामला दिसणारे) दोन्ही पत्ते २ एमबीला अलाइन, म्हणजे २ एमबीच्या पटीत, पाहिजेत, नाहीतर कर्नल (लिनक्सचा गाभा) गुपचूप छोट्या पेजेसवर येतो. फ्रेमबफरला (स्क्रीनवरचं चित्र ठेवणारी मेमरी) राइट-कंबाइनिंग (छोटी लिखाणं गोळा करून एकदम पाठवणं) पण लावा, अनकॅश्ड (प्रत्येक लिखाण वेगळं थेट जाणारं) ठेवलं तर लिहिणं रांगतं नुसतं.

फॅन मात्र जाम आवाज करतो, मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ डिग्रीत तर विचारूच नका. आणि हो, बिल पक्कं मागून घ्या.