कुत्र्याचा ऑर्थो बेड घेताय? आधी कव्हरची चेन उघडून बघा

ज्यांच्या घरी म्हातारं किंवा कंबरेचा त्रास असलेलं कुत्रं आहे त्यांनी प्लीज हे वाचा. कव्हरची चेन उघडत नसेल तर तो ऑर्थो बेड, म्हणजे सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांसाठीची जाड गादी, घेऊ नका, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

आमची लॅब्राडोर राणी आता अकरा वर्षांची आहे, वजन 32 किलो. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला, हिप डिस्प्लेशिया निघाला आणि त्यावर वयामुळे आलेल्या संधिवाताची भर. लॅब, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींमध्ये हे खूप दिसतं, खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, हाडावर हाड घासत राहतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन कमी करायला सांगितलं आणि टाइल्सवर झोपू देऊ नका म्हणाले, जाड गादी द्या जिच्यावर ती आडवी झाली की कोपर आणि खुबा जमिनीला टेकणार नाही.

मग उपनगरातल्या एका पेट प्रदर्शनात स्टॉल दिसला, तिथे सॅम्पलवर हात दाबला की पंजाचा ठसा उमटायचा आणि हळूहळू भरून यायचा. मेमरी फोम असाच वागतो, साधा फोम लगेच उसळून वर येतो, हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून मी मुद्दाम दाबून बघितलं, सॅम्पल अस्सलच होतं. साडेतीन बाय अडीच फूट, पाच इंच जाड, पूर्ण मेमरी फोम, 50 ची डेन्सिटी, साडेसात हजार रुपये. डिलिव्हरी घरी.

घरी आला तो बेड वरून दाबला तर तसाच ठसा उमटत होता. पण राणी झोपायची आणि उठताना मागचे पाय पहिल्यापेक्षा जास्त थरथरायचे, आई म्हणाली अगं ही मध्ये खड्ड्यात जातेय बघ, मी हात खाली घातला तर तिच्या खुब्याखाली जवळजवळ जमीनच लागत होती. बेड उघडावा म्हटलं तर चेनला रनरच नाही! दात आहेत, रनर काढून टाकलेला आणि टोकं शिवून बंद.

लालबागला आमच्या ओळखीचे गादीवाले काका आहेत, त्यांच्याकडे उचलून नेला. त्यांनी उचलताक्षणी सांगितलं, "ताई, यात काही नाही." काट्यावर टाकला तर जेमतेम दोन किलो. आता हा हिशोब लक्षात ठेवा, डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. साडेतीन बाय अडीच फूट, पाच इंच म्हणजे साधारण 0.1 घनमीटर, 50 ची डेन्सिटी असेल तर बेड पाच किलोच्या आसपास भरलाच पाहिजे. मग काकांनी ब्लेडने शिवण उसवली. वर एक इंचाचा मेमरी फोमचा थर, त्याखाली सोफ्याच्या कारखान्यातली रंगीबेरंगी फोमची कात्रणं, काहींना सुकलेला गोंद चिकटलेला. कुत्रं बसलं की कात्रणं बाजूला सरकणार आणि मध्ये खड्डा पडणार. मला इतका राग आला, दुखणाऱ्या जनावराला बोलता येत नाही याच्यावर हे लोक धंदा करतात.

स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, कव्हर फाडलंत, वॉरंटी गेली." म्हणजे उघडलं नाही तर आत काय आहे ते सिद्ध होत नाही आणि उघडलं तर वॉरंटी नाही, चेनचा रनर कशासाठी काढतात ते कळलं का! बिलावर नुसतं "पेट बेड" लिहिलेलं, मेमरी फोमचा म नाही. जीएसटी नंबर 27 ने सुरू होणारा, महाराष्ट्राचाच, पण जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून बघितला तर नोंदणी रद्द. ती वेबसाइट सगळ्यांना खुली आहे, पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून मोबाइलवर बघा. पॅकवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष छापायचा नियम आहे, यावर काहीच नव्हतं.

शेवटी काकांनीच नवीन बनवून दिला. खाली तीन इंच 40 च्या डेन्सिटीचा एचआर फोम (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की लगेच उसळून वर येणारा), वर दोन इंच मेमरी फोम, कारण नुसता मेमरी फोम जड कुत्र्याखाली बसून जातो हे त्यांचं म्हणणं मला पटलं. त्यावर वॉटरप्रूफ अस्तर, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात फोम ओल धरतो आणि म्हाताऱ्या कुत्र्याची कधी शू पण होते. बाहेरचं कव्हर धुता येणारं, खाली रबरी जाळी म्हणजे टाइल्सवर सरकत नाही. सगळं डोळ्यासमोर कापलं, वजन करून दिलं, आणि खर्च साडेसात हजारांपेक्षा कमीच आला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केली, त्यानंतर स्टॉलवाल्याने अर्धे पैसे देतो म्हणून मेसेज केला, मी नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. तुमच्याकडे असा रनर नसलेला बेड आला असेल तर बिल आणि पेमेंटचा मेसेज जपून ठेवा, आधी काट्यावर वजनाचा व्हिडिओ काढा, आणि शिवण उसवतानाही कॅमेरा चालू ठेवा.