एकटं राहायला घाबरणारी कुत्री आणि घरातला कॅमेरा: काही महिन्यांचा अनुभव

आम्ही बाहेर पडलो की राणी रडते आणि दार ओरबाडते, हे शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तिला सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे घरच्यांपासून दूर एकटं राहायची तीव्र भीती आहे, हा अंदाजही होता. पण त्रास नेमका कधी सुरू होतो हे दिसलं ते कॅमेरा लावल्यावर. वायफायवर चालणारा, फोनवर थेट चित्र आणि आवाज देणारा साधाच कॅमेरा आहे.

कंटाळून तासाभरानं रडत असेल असं वाटायचं. प्रत्यक्षात दार लागल्या लागल्या ती ओठ चाटायची, जांभया द्यायची, कान मागे पाडून दाराकडे बघत राहायची. मग धाप, येरझाऱ्या, लाळ आणि शेवटी रडणं. हा क्रम कळणं हाच कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा. कारण तिला एकटं राहायची सवय लावायच्या सरावाचं सूत्र असं, की भीती चढायच्या आत परत यायचं. सुरुवातीला फक्त किल्ली उचलून पुन्हा जागेवर बसायचं, मग दाराबाहेर काही सेकंद, मग थोडं जास्त. दर वेळी वेळ वाढवायची नाही, मध्येच सोपी फेरीही ठेवायची. आणि या काळात तिला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. हे सगळ्यात अवघड. घरातल्या प्रत्येकानं वेळापत्रक बदललं म्हणून जमलं.

कॅमेऱ्यातून तिच्याशी बोलायची सोय आम्ही बंद केली. आवाज यायचा, माणूस दिसायचं नाही, मग ती घरभर शोधत फिरायची. भुंकल्यावर येणारी सूचना तर उपयोगाचीच नाही, तोवर उशीर झालेला असतो. खाऊ फेकणारं मॉडेल घ्यायची गरज वाटली नाही. घाबरलेला कुत्रा आवडता खाऊही तोंडात घेत नाही, खाऊ तसाच पडून राहिला तर समजायचं की आज जास्त ताणलंय. पिंजऱ्यात कोंडण्याचा सल्ला बरेच जण देतात. अशा भीतीत कुत्रे गज चावून दात आणि नखं मोडून घेतात, त्यामुळे तो विचारच केला नाही.

रेकॉर्डिंग पशुवैद्यांना दाखवलं, तेव्हा ही मस्ती किंवा कंटाळा नसून घबराट आहे हे त्यांना लगेच दिसलं. त्यांनी फ्लुओक्सेटीन हे भीती कमी करणारं औषध सुरू केलं. याच त्रासासाठी अमेरिकेत कुत्र्यांना क्लोमिप्रामीन हे दुसरं औषध १९९८ पासून आणि फ्लुओक्सेटीन २००७ पासून मंजूर आहे, आणि दोन्ही सरावाच्या जोडीनंच द्यायची असतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला राणीची भूक कमी झाली होती, नंतर सावरली. औषध लागलं म्हणजे आपण कमी पडलो असं कृपया मानू नका. स्वतःच्या मनानं मात्र देऊ नका, थांबवूही नका.

आता बाजूच्या दुकानात जाऊन येईपर्यंत ती बहुतेक वेळा आडवी पडून असते. पूर्ण दिवसाची गोष्ट अजून लांब आहे.

कॅमेरा घेणार असाल तर दार आणि तिची झोपायची जागा एकाच चौकटीत येतात का ते आधी बघा. चित्र फोनवर किती उशिरा पोचतं तेही तपासा, सराव सेकंदांचा असतो तेव्हा तेवढा उशीरही नडतो. आमच्या कॅमेऱ्याचा हा एकच खरा दोष.