'कव्हर गर्ल' की 'कोपाकबाना'? नाइट क्लबची एक संध्याकाळ

जुन्या हॉलिवूडमधला नाइट क्लबचा झगमगाट, गाणी आणि वर थोडी धमाल एवढं सगळं एकाच सिनेमात हवं असेल, तर मी दोन नावं पुढे ठेवीन. १९४४ चा 'कव्हर गर्ल' आणि १९४७ चा 'कोपाकबाना'. दोन्ही न्यूयॉर्कमध्ये घडतात, दोन्हींत क्लबच्या रंगमंचावर चमकणारी एक बाई आहे आणि तिला तिथून उचलून न्यायला टपलेली बाहेरची माणसं आहेत. यापुढे मात्र दोघांचे रस्ते पार वेगळे.

आधी 'कोपाकबाना', कारण क्लब हाच मुद्दा असेल तर नावातच तो आहे. कोपाकबाना हा न्यूयॉर्कच्या ईस्ट ६० व्या रस्त्यावरचा खराखुरा क्लब, १९४० साली सुरू झालेला. सिनेमात अर्ल विल्सन, लुई सोबोल असे त्या काळचे प्रत्यक्षातले वृत्तपत्रीय स्तंभलेखक स्वतःच्याच नावाने येऊन बसतात. कथा अशी: लायोनेल (ग्राउचो मार्क्स) आणि कारमेन (कारमेन मिरांडा) दहा वर्षं साखरपुडा करून बसलेले, खिसा रिकामा. लायोनेल तिचा एजंट बनून कोपाच्या मालकाकडे जातो. मालक विचारतो, आणखी कोण आहे तुमच्याकडे? लायोनेल तिथल्या तिथे पॅरिसची एक मादमोझेल फिफी पैदा करतो. आता फिफी आणायची कुठून? कारमेनच्याच तोंडावर जाळीचा बुरखा चढतो. मालकाला दोघी पसंत पडतात आणि एकाच क्लबात एकाच बाईला दोन नोकऱ्या लागतात. पुढे हॉलिवूडचा डोळा फिफीवर पडतो, मग फिफीला नाहीशी करणं भाग पडतं आणि खुनाचा संशय लायोनेलवर. 'अशी ही बनवाबनवी' पाठ असलेल्या प्रेक्षकाला यातला प्रत्येक घोटाळा दोन मिनिटं आधी दिसतो. तरी मिरांडा कपडे, चाल आणि बोलण्याची लकब बदलत ज्या तडफेने इकडची तिकडे पळते, ते बघायला मजा येते. 'टिको टिको' गाताना तर तिची जीभ आणि मनगटं यांत आधी कोण पोहोचतंय, असा प्रश्न पडतो.

पण सिनेमा म्हणून तो पातळ आहे. मालक आणि त्याच्यावर मनातल्या मनात जीव टाकणारी सेक्रेटरी, हे उपकथानक आलं की मी चहा ठेवायला उठते. मार्क्स बंधू या विनोदी टोळीतला ग्राउचो इथे पहिल्यांदाच भावांशिवाय मुख्य भूमिकेत आहे आणि ते जाणवतं. चिको-हार्पोंपैकी कोणी समोर नसलं की त्याचे टोमणे हवेत जातात. एका गाण्यात तो जुनी, रंगाने काढलेली मिशी घेऊन येतो, तेवढी तीन-चार मिनिटं खरा ग्राउचो भेटतो. शिवाय सिनेमा कृष्णधवल. मिरांडाला काळ्या-पांढऱ्यात बघणं म्हणजे तिची निम्मी गंमत कापून टाकणं.

रंगांच्या बाबतीत 'कव्हर गर्ल'ला तोड नाही. टेक्निकलरमधले रिटा हेवर्थचे तांबूस केस हेच त्यातलं निम्मं नेपथ्य आहे. ती ब्रुकलिनमधल्या डॅनी मॅग्वायरच्या छोट्या क्लबातली नर्तिका. मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकते आणि ब्रॉडवेवरून बोलावणं येतं. डॅनी म्हणजे जीन केली. हा क्लब मात्र साधा आहे, हे आधीच सांगून ठेवते. झगमगाट आहे तो नदीपलीकडच्या मॅनहॅटनमध्ये, आणि सगळा झगडाही त्याचाच. दर शुक्रवारी रात्री डॅनी, ती आणि त्यांचा दोस्त (फिल सिल्व्हर्स) हे तिघं एका बारमध्ये कालवं मागवून त्यांत मोती शोधतात. खायला नाही, फक्त शोधायला! या तिघांची दोस्ती मला प्रेमकथेपेक्षा जास्त खरी वाटते.

संगीत जेरोम कर्नचं, गीतं आयरा गर्श्विनची. 'लाँग अगो अँड फार अवे' एकदा कानात शिरलं की आठवडाभर निघत नाही. हेवर्थचं गाणं मार्था मिअर्सच्या आवाजात आहे, नाच मात्र सगळा तिचाच. आणि केलीचा तो रात्रीचा नाच! रिकाम्या रस्त्यावर दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, ते त्याच्याशी वाद घालतं, मग काचेतून खाली उडी मारून त्याच्याबरोबर नाचू लागतं. कॉम्प्युटर नसलेल्या काळात हे दोनदा नाचून, दोनदा चित्रित करून एकावर एक बसवलेलं आहे. कॅमेरा आणि पावलं दोन्ही वेळा तंतोतंत जुळायलाच हवीत. या कामात स्टॅन्ली डोनेन त्याच्या जोडीला होता. याच जोडीने पुढे १९५२ मध्ये 'सिंगिंग इन द रेन' दिग्दर्शित केला.

दोष यातही आहेत. नायिकेच्या आजीची जुन्या काळातली गोष्ट (तीही हेवर्थच) अधूनमधून येते आणि वेग मारते. मॉडेल मुलींची मिरवणूक तर मासिकाची जाहिरात वाटते.

मग निवडायचं कसं? पहिल्यांदाच असं काही बघणार असाल तर डोळे मिटून 'कव्हर गर्ल'. पावणेदोन तास लागतात. घरात इंग्रजी नीट न कळणारं कोणी असेल तरी हाच, कारण नाचाला भाषा लागत नाही. ग्राउचोची कोटी सबटायटल वाचेपर्यंत शिळी होते. मार्क्स बंधूंचे सिनेमे आधी बघून झालेत आणि दीड तासात हलकंफुलकं काही हवंय, तर 'कोपाकबाना' चालेल. तो तुकड्यातुकड्यांनी बघितला तरी बिघडत नाही.

आणि केवळ कारमेन मिरांडासाठी बसणार असाल तर दोन्ही बाजूला ठेवा. बझ्बी बर्कलीचा १९४३ चा 'द गँग्ज ऑल हिअर' लावा. त्यातही नाइट क्लब आहे, रंग आहेत, आणि माणसापेक्षा मोठी केळी घेऊन नाचणाऱ्या पोरी आहेत.